रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड

रात्रपाळी सुटली की चाकणच्या छोट्या दवाखान्यांत एक मागणी हमखास कानावर येते, "डॉक्टर, अंगात त्राणच नाही, एक सलाईन लावा." डोकं जड, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड. ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. मग सुपरवायझरला तो कामचुकारपणा वाटतो आणि घरच्यांना मनाचे खेळ.

नाटक नसतं ते. सततच्या ताणाने अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल वाढतं, ठोके वाढतात, मान-खांदे आखडतात, पोट बिघडतं. त्यात दर आठवड्याला पाळी बदलली की झोपेची घडी बसतच नाही. रिपोर्टात न दिसलेली वेदनाही तितकीच दुखते.

"अडाणी माणसंच मनातलं दुखणं शरीराचं म्हणून सांगतात," हा शिकलेल्यांचा समज मला जास्त खटकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीवरून १९९९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात १४ देशांतले नैराश्याचे १,१४६ रुग्ण होते. बंगळूरचे होते, तसे पॅरिस आणि मँचेस्टरचेही. त्यातले ६९ टक्के डॉक्टरकडे फक्त शरीराची तक्रार घेऊन गेले होते. थेट विचारल्यावरही मनाची लक्षणं नाकारणारे ११ टक्केच निघाले. आणि जिथे रुग्णाचा कायमचा असा डॉक्टर नव्हता, तिथे फक्त शरीराची तक्रार सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा आज भोसरीत, सहा महिन्यांनी चाकणला. रूम बदलते तसा डॉक्टरही बदलतो. अनोळखी माणसासमोर पाठदुखी सांगता येते, रडू येतं हे सांगता येत नाही.

संस्कृतीने बदलतात ते शब्द आणि दुखण्याची जागा. कोरियात गिळलेला राग छातीत आगीसारखा पेटतो, त्याला 'ह्वाब्युंग' म्हणतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा बायकांच्या मानसिक ताणाशी जास्त घट्ट आढळलं. आपल्याकडे भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने हातपाय गळतात.

पण म्हणून सगळंच 'टेन्शन' ठरवणं तितकंच घातक. छातीतल्या दुखण्याची तपासणी आधी. थकव्यामागे हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ असू शकतं. तपासण्या चालू असतानाच "झोप लागते का? घरी सगळं ठीक?" एवढं विचारायला मिनिटभर लागतं. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, तेही फुकट आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.