बाग फुलली, कंबर धरली!

माहीत आहे का, 10 लिटरची झारी भरली की हाताला किती किलो लागतात? नुसतं पाणीच 10 किलो, झारी एक्स्ट्रा! एका हातात एवढं ओझं आणि दुसरा हात मोबाइलवर, मग मणका रुसणारच. 5-5 लिटरच्या दोन झाऱ्या दोन हातांत घ्या. वजन तेवढंच, बॅलन्स झकास!

आता कुंडी. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था. तिच्या सूत्रानुसार सगळं काही आदर्श असतानाही उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलो. ओळखीचा आकडा ना? विमानातली चेक-इन बॅग! ओल्या मातीची मोठी कुंडी तो आरामात ओलांडते, आणि एअरपोर्टवर निदान ट्रॉली तरी मिळते. कुंडीखाली चाकांचा स्टँड लावाच.

गच्चीवाल्यांनो, ही ट्रिक खास तुमच्यासाठी. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजली की फुगून साधारण 70 लिटर भरते. जिन्यात फक्त वीट, फुगवाफुगवी सगळी वर!

रेकॉर्ड हवंय? 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथल्या भोपळ्यांच्या स्पर्धेत 1247 किलोचा भोपळा पहिला आला, तेव्हाचं ते रेकॉर्ड. काट्यावर चढवायला फोर्कलिफ्ट! हा काही टुणूक टुणूक जाणारा नव्हे.

त्याच कॅलिफोर्नियात एका अवजारावर चक्क कोर्टात खटला चालला, माहीत आहे का? लेट्यूसच्या शेतात मजुरांना अगदी आखूड दांड्याची कुदळ देत. दिवसभर कमरेत वाकून काम. कोणी पाठ सरळ केली की मुकादमाला लांबूनच दिसायचं! मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘छोटू’ म्हणत. छोटूनं कित्येकांच्या पाठी कायमच्या कामातून घालवल्या. अखेर 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर छोटूवर बंदी आली. आपण मात्र आजही हौसेनं आखूड खुरपंच विकत आणतो. लांब दांडा मागा की राव!

टेनिस एल्बोला रॅकेट लागत नाही, छाटणीची कात्री पुरते. फांदी पात्याच्या टोकात नको, बुडाशी धरा. जोर कमी लागतो.

माहीत आहे का, पेनिसिलिनचा पहिला गाजलेला रुग्ण गुलाबामुळे प्रसिद्ध झाला? पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर, ऑक्सफर्ड, फेब्रुवारी 1941. काटा लागून जखम चिघळली, औषधानं उतार पडला, पण साठा संपला आणि ते गेले. ट्विस्ट असा, की जखम बॉम्बहल्ल्यातली होती, असं पुढे त्यांच्या मुलीनं सांगितलं. गुलाब निर्दोष? छे! स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी खरोखरच काट्याच्या टोचणीतून शिरते. हातमोजे घाला!

घरातलं शोभिवंत डिफेनबाखिया आपल्या अळूच्याच कुळातलं. दोघांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. छाटून तोच हात डोळ्याला लावाल तर खाज नव्हे, आगच!

ऑस्ट्रेलियात पॉटिंग मिक्सच्या पिशवीवर आरोग्याचा इशारा छापतात. त्यात फुप्फुसाला त्रास देणारा लिजिओनेला जंतू असू शकतो. पिशवीत नाक खुपसू नका, मिक्स ओलं करून कालवा.

आणि बिचारा गंजलेला खिळा! धनुर्वात गंजानं होत नाही, त्याचे जंतू मातीत असतात. बूस्टर दर 10 वर्षांनी. तुमचा शेवटचा कधी झाला? आधी फाइल काढून बघा, मग खुरपं उचला.