एक गत, चार कागद

गांधर्वच्या परीक्षा देणाऱ्या मुलांच्या घरात ‘मध्यमा’ या शब्दाला वजन असतं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढून मूल तिथे पोचतं. रत्नागिरीतलं असो वा सांगलीतलं, व्हायोलिन घेतलेल्या मुलाचा हात तोवर गजावर बसलेला असतो, तीनतालाची सम सहसा सुटत नाही. पण वाजवायचं ते एकट्याने, तबल्याच्या साथीला. अशी बारा मुलं एकत्र बसवली की बाराही जण तीच गत एकदम वाजवतात आणि आपण त्याला वृंदवादन म्हणतो. कच्चं मूल त्यात लपतं, तयार मूल कंटाळतं. गतीच्या चार वेगळ्या ओळी करून प्रत्येकाला त्याच्या ताकदीची ओळ लिहून देणं ही एक स्वतंत्र कारागिरी आहे, आणि ती आपल्या वर्गांत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

लिहिण्याची परंपरा तर आपल्याकडे भक्कम आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि स्वतःची स्वरलिपीही घडवली. विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसरी घडवली. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग मुळात मराठीत निघाले. दोन्ही लिप्या आजही चालतात, आणि वृंदासाठी लिहिणाऱ्याची पहिली अडचण इथेच आहे. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असला तर तो तार सप्तकातला, पलुस्कर लिपीत तोच बिंदू मंद्र सप्तकाचा. दोन गुरूंकडची मुलं शेजारी बसली आणि कागदावर लिपीचं नाव नसलं, तर एक वरचा सा लावील, दुसरा खालचा.

दुसरी परंपरा रत्नागिरीच्या दक्षिणेला, गोव्यात. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलं व्हायोलिन आणि पाच रेषांचं स्टाफ नोटेशन शिकत. त्यातले कितीतरी जण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांसाठी व्हायोलिनचे ताफे लिहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकाच गाण्याचे दोन तऱ्हेचे कागद असत: व्हायोलिनवाल्यांपुढे स्टाफ नोटेशन, सतार-बासरीवाल्यांपुढे देवनागरीतले सा-रे-ग-म. दोन्ही लिप्यांनी एकत्र काम केल्याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. मात्र हे लेखन पट्टीच्या वादकांसाठी होतं.

विद्यार्थ्यांसाठी कसं लिहावं हे गुस्ताव होल्स्टकडून शिकावं. महाभारतातल्या सावित्रीवर ऑपेरा लिहिणारा, ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकलेला हा इंग्रज संगीतकार लंडनमध्ये सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिक्षक होता. शाळेच्या वाद्यवृंदासाठी त्याने ‘सेंट पॉल्स स्वीट’ लिहिला. १९३३ मध्ये, आजारी असताना, धाकट्या मुलींसाठी ‘ब्रूक ग्रीन स्वीट’ लिहिला. १९३४ च्या मे महिन्यात तो गेला. ‘ब्रूक ग्रीन’ ऐकताना हे मुलींसाठी सोपं केलंय असं कुठेच जाणवत नाही. बोटांना सोपं आणि कानाला पूर्ण, या दोन्ही गोष्टी त्याने सोडल्या नाहीत. मला तो त्याच्या मोठ्या कामांइतकाच थोर वाटतो.

आता आपला कागद. सुरुवात षड्जापासून. एकटं वाजवणारं मूल आपल्या सोयीचा सा धरतं; वृंदात सगळ्यांचा एक हवा. माझ्या मते पांढरी दोन, म्हणजे पाश्चात्त्यांचा डी. त्यांच्या व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. आपल्याकडे बरेच जण प, सा, प, सा अशा जुळवतात. सा पांढरी दोनचा घेतला की मधल्या दोन तारा दोन्ही पद्धतींत सारख्याच येतात, सा आणि प. बाहेरच्या दोन तारांमध्ये फक्त एकेका स्वराचा फरक उरतो. चेलोच्या वरच्या दोन ताराही डी आणि ए याच. पाश्चात्त्य शाळांसाठीच्या रचनांत डी ही पट्टी वारंवार भेटते ती याच कारणाने: मोकळ्या तारा कामाला येतात आणि डावा हात मानेवर सरकवावा लागत नाही.

राग पहिल्या वेळी भूप घ्यावा. सा रे ग प ध, पाचही शुद्ध, आणि कुठल्याही दोन स्वरांत अर्ध्या स्वराचं अंतर नाही. त्यामुळे एकावर एक ओळी चढल्या तरी कर्कश लागत नाही. पहिल्या व्हायोलिनला गत. दुसऱ्याला तीच गत एक आवर्तन उशिरा. तिसऱ्याला, म्हणजे सर्वांत नवख्या मुलांना, मोकळ्या तारांवर सा आणि प, चार-चार मात्रांचे लांब गज. तानपुरा त्यांनीच सांभाळायचा. चेलोला समेवरचा सा आणि खालीपासून हळूहळू चढत समेला येणारी ओळ. मारवा किंवा तोडी घेतली तर हाच आराखडा कोसळतो. तिथे दुसरी ओळ स्वर मोजून, नव्याने रचावी लागते.

मग गप्प बसणं लिहायचं. भातखंडे लिपीतली आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवणं; व्हायोलिनवर तिचा अर्थ गज चालूच ठेवायचा. दुसऱ्या व्हायोलिनला एक आवर्तन थांबायचंय तर तिथे रेघा घालून चालणार नाही, ‘एक आवर्तन विराम’ असं शब्दांतच लिहावं. गज कुठल्या दिशेने, हेही प्रत्येक समेवर लिहावं, नाहीतर ओळीतले निम्मे हात वर आणि निम्मे खाली दिसतात, आणि जोरही वेगवेगळ्या मात्रांवर पडतो. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवणाऱ्या मुलाचा एकही हात मोकळा नसतो, म्हणून पान उलटायची जागा विरामातच यावी. शक्य तर गत एका पानातच संपवावी.

भूपानंतर काय, याचंही उत्तर जवळ आहे. रत्नागिरीला नाट्यसंगीताचं वेड आहे, आणि ‘संगीत मानापमान’ १९११ चं. शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये. आपल्या कायद्यात मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे २०१६ पासून त्या चाली सर्वांच्या आहेत. त्यांचे चार कागद करून छापायला आता कोणाची परवानगी लागत नाही. लागतो तो दोन्ही लिप्या वाचणारा आणि मुलांची बोटं ओळखणारा एक शिक्षक.