उस्मानी ढालीची प्रतिकृती : वेत, रेशीम आणि पोलाद

उस्मानी तुर्कांचे चिलखत व ढाल यांची प्रतिकृती हाताने घडवू पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम पोलादाकडे जाते. परंतु कारागिराची खरी कसोटी ढालीत असते. ‘काल्कान’ ही ढाल मूलतः वेताची. धातू तिच्यात मुख्यतः मध्यावरील वाटीपुरता. वेत केंद्राभोवती वेढ्यावेढ्याने फिरवीत नेतात आणि त्यावर रंगीत रेशीम गुंडाळीत शेजारचे वेढे एकमेकांस बांधतात. तेव्हा नक्षी ही मागाहून चढविलेली शोभा नव्हे. जो धागा ढाल बांधतो तोच फूलही काढतो. लाकडी चकतीवर हीच फुले रंगविली तर हाती येते ते ढालीचे चित्र होय, प्रतिकृती नव्हे. वेत अर्धा सेंटिमीटर जाडीचा धरल्यास प्रत्येक वेढा आतल्याहून सुमारे ३ सेंटिमीटर लांब भरतो. म्हणून रंग कोठे बदलावयाचा याचा हिशेब केंद्रापासूनच मांडावा लागतो. व्हिएन्नाच्या १६८३ च्या वेढ्यानंतरच्या युद्धांत हाती लागलेल्या उस्मानी शस्त्रसामग्रीचा मोठा संग्रह जर्मनीत कार्ल्सरूह येथे आहे.

चिलखतासही तोच न्याय लागू पडतो. कड्यांची टोके नुसती भिडविली की काम झपाट्याने उरकते. परंतु अस्सल कडीची टोके चपटी करून, एकमेकांवर चढवून बारीक खिळ्याने जोडलेली असत, व प्रत्येक कडीत सामान्यतः चार कड्या गुंतविलेल्या असत. तुर्कीतील चिलखतवाचक ‘झिर्ह’ हा शब्द फारसी ‘झिरिह’ वरून आला. मराठी ‘जिरेटोप’ यातील ‘जिरे’ तोच; स्वयंपाकघरातील जिऱ्याशी त्याचे काही नाते नाही.