रात्री दहानंतरचा डबा

रेल्वे प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये फर्मावले, की रात्री दहानंतर कोणाही प्रवाशाने मोबाइलवर उच्च स्वरात संभाषण करू नये, इअरफोनवाचून गाणी वाजवू नयेत, आणि तक्रार येताच गाडीतील कर्मचाऱ्यांनी तिची दखल घ्यावी. सहप्रवाशांच्या सुखसोयीत हेतुपुरस्सर व्यत्यय आणणाऱ्यास गाडीतून उतरविण्याचा अधिकार तर १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १४५ नेच दिलेला आहे. तथापि उपचारार्थ मुंबईस निघालेला रुग्ण ज्या डब्यात कशीबशी झोप मिळवू पाहतो, तेथे कलमाची वाट पाहावी लागणे हेच मला अशोभनीय वाटते. निकडीचे बोलणे दाराजवळच्या मोकळ्या जागेत, हलक्या आवाजात उरकावे. विनंतीस न जुमानणाऱ्याविरुद्ध १३९ क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.