यंत्राला वक्तशीर करणारी चिप : एफपीजीए इंटरफेस बोर्डाची ओळख

आपल्या समाजातील अनेक तरुण आज आय.टी.आय. किंवा पदविका पूर्ण करून भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत सीएनसी यंत्रांवर काम करीत आहेत. जॉब लावणे, ऑफसेट देणे, प्रोग्रॅम चालविणे ही कामे ते सफाईने करतात. परंतु यंत्रामागच्या कॅबिनेटमधील कंट्रोलर त्यांच्यासाठी बंद पेटीच राहतो. तो बिघडला आणि त्याचे कार्ड मिळेनासे झाले, की बिडाचे उत्तम, शाबूत यंत्रही भंगारात निघते. ही पेटी आपणही समजून घेऊ शकतो, बांधूही शकतो, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संगणक वेगवान, पण वक्तशीर नाही

एक साधे गणित पाहू. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात. ड्राइव्हवर प्रत्येक पावलाचे १० भाग केले तर एका फेऱ्यास २,००० पल्स लागतात. बॉल स्क्रूची चाल ५ मि.मी. असेल तर प्रत्येक मिलिमीटरला ४०० पल्स झाले. टेबल मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मि.मी. वेगाने न्यायचे असेल, तर सेकंदाला ४०,००० पल्स द्यावे लागतील. दोन पल्समधील अंतर केवळ २५ मायक्रोसेकंद!

साधा संगणक यापेक्षा कितीतरी जलद आकडेमोड करतो. पण त्याला पडदा, डिस्क, नेटवर्क अशी शंभर कामे असतात. मध्येच तो एक मिलिसेकंद दुसरीकडे गुंतला, तर तेवढ्या वेळात ४० पल्स चुकतात. मोटरला धक्का बसतो, पावले सुटतात आणि जॉब वाया जातो. म्हणून कामाची वाटणी करावी लागते. मार्ग आखण्याचे काम संगणकाने करावे आणि वेळेवर पल्स देण्याचे काम स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे द्यावे. हे मंडल ज्यात बसविता येते ती चिप म्हणजे एफपीजीए.

एफपीजीए म्हणजे काय?

फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अॅरे हे तिचे पूर्ण नाव. आत असंख्य छोटे लॉजिक ब्लॉक आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे जाळे असते. कोणता ब्लॉक कोणाशी जोडायचा हे आपण ठरवितो. अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली व्यापारी चिप आणली, तीत ६४ ब्लॉक होते. आज लहान चिपमध्येही असे हजारो घटक असतात.

मायक्रोकंट्रोलर एकामागून एक सूचना पाळतो. एफपीजीएमध्ये मात्र चारही अक्षांची मंडले एकाच वेळी, एकमेकांची वाट न पाहता चालतात. ५० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचा एक ठोका २० नॅनोसेकंदांचा. वरील उदाहरणातील २५ मायक्रोसेकंद म्हणजे बरोबर १,२५० ठोके.

फर्मवेअरची रचना

हे मंडल व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषांत लिहितात. पल्स तयार करण्याची युक्ती सोपी आहे. ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक ठोक्याला एक ठरावीक संख्या मिळवीत जायचे. रजिस्टर भरून वाहिले की एक पल्स द्यायचा. संख्या मोठी तर वेग जास्त. आपल्या ४०,००० पल्ससाठी ही संख्या सुमारे ३४ लाख ३६ हजार येते. संगणकाने दर मिलिसेकंदाला फक्त नवी संख्या पाठवायची आणि किती पल्स गेले ते वाचायचे.

याखेरीज एन्कोडरचे पल्स मोजणारा काउंटर हवा. बाहेरून येणारा प्रत्येक सिग्नल प्रथम दोन फ्लिप-फ्लॉपमधून घ्यावा, म्हणजे तो घड्याळाशी जुळतो. शेवटी वॉचडॉग अवश्य असावा. संगणकाकडून ठरावीक काळ काही निरोप आला नाही, तर त्याने सर्व आउटपुट बंद केले पाहिजेत.

बोर्डावरील काळजी

यंत्राचे स्विच बहुधा २४ व्होल्टवर चालतात, तर एफपीजीएची पिन साधारणतः ३.३ व्होल्टची. थेट जोडल्यास चिप जळेल. म्हणून इनपुटसाठी ऑप्टोकपलर वापरावेत. ड्राइव्ह व एन्कोडरच्या लांब केबलसाठी दोन तारांवर परस्परविरुद्ध सिग्नल देणारे लाइन ड्रायव्हर आणि रिसीव्हर घ्यावेत, त्यामुळे स्पिंडल मोटरच्या विद्युत गोंगाटाचा उपद्रव कमी होतो.

एक बाब नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. बहुतेक एफपीजीए वीज गेल्यावर आपली रचना विसरतात आणि वीज येताच ती फ्लॅश मेमरीतून पुन्हा भरतात. तेवढा क्षण पिनांवर आपला ताबा नसतो. म्हणून ड्राइव्ह चालू करणारी रेषा बाहेरच्या रेझिस्टरने 'बंद' स्थितीत धरून ठेवावी.

लिमिट स्विच नेहमी मिटलेल्या संपर्काचे असावेत, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबेल. आणि लाल इमर्जन्सी बटण संगणकावर किंवा एफपीजीएवर कधीही विसंबून ठेवू नये. त्याने कॉन्टॅक्टरमार्फत ड्राइव्हची वीज थेट तोडली पाहिजे. यंत्रासमोर उभ्या असलेल्या कामगाराचे हात कोणत्याही फर्मवेअरपेक्षा मोलाचे आहेत.

सुरुवात कोठून करावी?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या कामातून पुढे 'लिनक्स सीएनसी' हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. त्याबरोबर वापरल्या जाणाऱ्या मेसा कंपनीच्या कार्डांतील 'होस्टमॉट टू' या फर्मवेअरचा मूळ कोडही खुला आहे. तो वाचणे हे मोठे शिक्षण आहे. लॅटिसच्या काही चिपसाठी २०१५ पासून 'आइसस्टॉर्म' प्रकल्पाची मोफत साधने उपलब्ध आहेत.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा : प्रथम संगणकावर सिम्युलेशन, मग ऑसिलोस्कोपवर पल्सची तपासणी, मग टेबलावर सुटी मोटर आणि अखेरीस यंत्र. तथागतांनी कालामांना केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. या कामात तोच नियम लागू पडतो.

पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि तांत्रिक प्रशिक्षणाची योजनाही त्या खात्याकडे होती. यंत्र चालविणाऱ्या हातांनी ते यंत्र जाणून घेणे, हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय. आपल्या अभ्यासिकेत एक जुना संगणक, एक डेव्हलपमेंट बोर्ड आणि एक स्टेपर मोटर ठेवता आली, तर सुटीच्या दिवशी पाच-सहा विद्यार्थी तेथे बसून हे सर्व करून पाहू शकतील. संस्थेच्या सभासदांनी याचा अवश्य विचार करावा.