झाडून ठेवलेली चिलीम

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की पेढी नदीच्या काठी वलगाव लागतं. पेढी पुढे पूर्णेला मिळते. पूर्णेचं खोरं म्हणजे वऱ्हाडची काळी, खोल जमीन. तिच्यात कापूस, तूर, ज्वारी हवी तशी येते, पण नुसत्या काळ्या मातीचं भांडं होत नाही. पाणी पिऊन ती फुगते, वाळताना आक्रसते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीचा घडा चाकावरून उतरवला तर भट्टी पाहण्याआधीच तडकायचा. म्हणून इथला कुंभार नदी-तळ्याचा गाळ शोधतो आणि त्यात राख, लीद, बारीक रेती मिसळतो. लीद-राखेमुळे माती मोकळी होते, आतलं पाणी सावकाश बाहेर पडतं. भट्टीत लिदीतला काडीकचरा जळून जातो आणि त्याच्या जागी सुईच्या टोकाएवढी छिद्रं उरतात. त्या छिद्रांमुळे माठातलं पाणी गार होतं. चिलीमही त्याच मातीची, तशीच सच्छिद्र, आणि तिचा सगळा स्वभाव या छिद्रांनी ठरवलेला.

चिलीम दिसायला अगदी साधी. वीतभर किंवा त्याहून आखूड नळी, वर रुंद तोंड, खाली निमुळती होत गेलेली. वरच्या तोंडात तंबाखू, त्यावर विस्तव, खालून ओढायचं. तंबाखू घशाशी येऊ नये म्हणून आत एक खडा टाकतात. खडा नळी पूर्ण बुजवत नाही. धूर त्याच्या कडेनं वाट काढतो. खडा निवडणं हेही कसबच. फार गोल असला तर तो घट्ट बसतो आणि ओढणाऱ्याचे गाल दुखतात, फार लहान असला तर तंबाखूचा चुरा तोंडात येतो. नळीच्या खालच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळतात, त्याला छापी म्हणतात. चिलीम मुठीत उभी धरायची, दोन्ही हातांची पोकळी करायची आणि अंगठ्याजवळच्या फटीला ओठ लावून झुरका घ्यायचा. ओठ चिलमीला लागतच नाही, आपल्याच हाताला लागतो. पाचजणांत फिरणाऱ्या वस्तूसाठी ही रीत फार विचारानं बसलेली आहे. अर्थात तिच्यामागे शिवाशिवही होती. चिलीम कोणाबरोबर ओढायची आणि कोणाबरोबर नाही, यावर गावात माणसांच्या ओळी ठरत. ओसरीवर फिरणारी चिलीम अंगणाच्या कडेला बसलेल्या सालदारापर्यंत पोचत नसे. हे विसरून त्या मैफलीचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही.

चिलमीचं सगळ्यात कमी सांगितलं गेलेलं अंग म्हणजे ती ओढून झाल्यावरचं. तंबाखू जळताना धुराबरोबर पाणीही तयार होतं. पानात मुळातला ओलावा असतो तो वेगळा, आणि जळण्यातून नवीन वाफ होते ती वेगळी. ही वाफ खालच्या गार टोकाकडे येते, छापीपाशी थंडावते आणि डांबरासारख्या काळ्या चिकट रसाबरोबर मातीत मुरते. दोन-तीन वेळा लागोपाठ भरलेली चिलीम हातात घेतली की ती जड लागते. तिचा धूर कडू होतो, नळीत गुरगुर होते, विस्तव वारंवार विझू लागतो. ओढणारा तंबाखूला नावं ठेवतो; दोष ओल्या मातीचा असतो.

त्यावर उपाय एकच, तिला सोडून देणं. शेवटचा झुरका झाला की चिलीम उलटी करून राख झाडायची, खडा काढून बाजूला ठेवायचा, छापी सोडून पिळून वाळत टाकायची. ती घाईघाईनं धुवायची नाही. 'चिलीम गरम असली तं तिले पानी दाखवू नोको, बाप्पा,' असं म्हातारी माणसं सांगत आणि ते शब्दशः खरं आहे. तापलेल्या भाजक्या मातीवर गार पाणी पडलं की बाहेरची कड आक्रसते, आतली तापलेलीच राहते, आणि केसाएवढी चीर जाते. उलटही तेवढंच घातक. ओल्या चिलमीवर रसरशीत निखारा ठेवला तर छिद्रांतल्या पाण्याची एकदम वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजारपटीहून जास्त जागा मागते. मातीला तेवढी जागा नसते, मग आतून खपली उडते.

साधुबैराग्यांची साफ करण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. लांब चिंधीला पीळ देऊन दोरी करतात आणि ती चिलमीच्या आरपार ओवतात. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात, दुसरं हातात ताणून घेतात, आणि मग चिलीम त्या ताणलेल्या चिंधीवर पुढेमागे सरकवतात. पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच चिंधी काळीकुट्ट होते. मग चिंधीची कोरी बाजू पुढे घेतात आणि पुन्हा सुरू. सगळं संपल्यावर नळीतून उजेडाकडे पाहायचं. गोल स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. त्यानंतर चिलीम कोनाड्यात नाहीतर चुलीपासून हातभर अंतरावर टेकवून ठेवायची. दोन्ही तोंडं मोकळी, वारा आरपार गेला पाहिजे. खालून बंद, वरून बंद अशा डबीत कोंबलेली चिलीम दुसऱ्या दिवशी कुबट वास देते.

ती वाळली की नाही, हे तीन प्रकारे कळतं. हातातलं वजन हा एक. दुसरा नखाचा ठोका: वाळलेली चिलीम खणखणीत वाजते, ओली भद्द आणि चिरलेली फुटका आवाज देते. तिसरा मला सगळ्यात आवडतो. वाळलेल्या चिलमीची कड जिभेच्या टोकाला लावली की ती किंचित चिकटते, कारण कोरडी छिद्रं जिभेवरचं पाणी ओढून घेतात. पोटभर प्यालेली माती चिकटत नाही.

वाळण्याला ऋतू असतो, हेही इथे शिकायला मिळतं. अकोल्या-अमरावतीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, हवा कोरडी फटफटीत असते. सकाळची चिलीम दुपारपर्यंत पुन्हा तयार. श्रावणात तीच चिलीम दिवसभर टेकवून ठेवली तरी ओल धरून राहते. म्हणून घरात दोन-तीन चिलमी असत आणि पावसाळ्यात त्यांची पाळी लागे. पाइप ओढणाऱ्या युरोपीय माणसाचा नियमही हाच. त्याचा पाइप भूमध्य समुद्राच्या काठावर वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेला असतो. लाकूड पाणी सोडायला मातीपेक्षा जास्त वेळ घेतं, म्हणून तो एकदा ओढलेला पाइप निदान दिवसभर विसावू देतो. पाइप गरम असताना त्याची नळी उपटत नाही, नाहीतर सांधा सैल पडतो. लाकडाच्या पाइपाला एक गोष्ट मात्र साधत नाही. मातीची चिलीम फारच माखली तर ती सरळ गोवरीच्या विस्तवात सारतात. हळूहळू तापत ती लाल होते, आतला चिकटा जळून जातो, आणि ती भट्टीतून नुकती काढल्यासारखी तांबूस बाहेर येते. इंग्लंडातही पूर्वी मातीचे पाइप असेच पुन्हा भाजून घेत.

तंबाखू मुळात इथला नाही. पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो दख्खनच्या किनाऱ्याला लागला. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून १६०४ च्या सुमारास परतला तेव्हा त्यानं तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. अकबरानं एक-दोन झुरके घेतले आणि हकिमानं त्याला थांबवलं. जहांगिरानं १६१७ मध्ये बंदीच घातली. कोणी ऐकलं नाही. दरबारात हुक्का शोभला आणि शेताच्या धुऱ्यावर चिलीम. तिच्यासाठी लागणारं सगळं गावातच होतं: कुंभाराची माती, ओढ्यातला खडा, जुन्या धोतराची छापी, आणि चुलीतला विस्तव.

विस्तव मात्र मागावा लागे, आणि त्या मागण्याभोवती वऱ्हाडची एक प्रसिद्ध कथा आहे. शेगावला गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकट झाले. त्यांच्या हातातली चिलीम वऱ्हाडात घरोघरच्या तसबिरीत आहे. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' पोथीत येतं, की अक्षय तृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी पोरं जानकीराम सोनाराकडे विस्तव मागायला गेली. सोनाराची बागेसरी, म्हणजे त्याची शेगडी, पेटलेली होती, पण सणाच्या दिवशी विस्तव देत नाहीत म्हणून त्यानं नकार दिला. मग महाराजांच्या सांगण्यावरून त्यांचा भक्त बंकटलाल यानं नुसती काडी चिलमीवर धरली आणि चिलीम विस्तवावाचून पेटली. भाविक यात चमत्कार पाहतात. मला त्याबरोबर त्या काळचं रोजचं जगणंही दिसतं: काडेपेटी हाताशी नाही, विस्तव ही शेजाऱ्याकडून आणायची वस्तू, आणि ती केव्हा द्यायची, केव्हा नाही याचे पक्के नियम. शिर्डीतही साईबाबांच्या वापरातल्या ज्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्यांत चिलमी आहेत.

वलगावला मात्र वेगळ्या संताची आठवण आहे. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर इथेच, पेढीच्या काठी गेले. शेंडगावच्या झिंगराजी जानोरकरांचा हा मुलगा. बापाचं घर दारूनं बुडालेलं त्यानं लहानपणी पाहिलं होतं. म्हणून स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं आणि पुढे आयुष्यभर कीर्तनात लोकांना व्यसनातून बाहेर ओढलं. त्यांचं मातीचं गाडगं आणि ओसरीवरची चिलीम एकाच कुंभाराच्या चाकावरून उतरत. बाबांनी माती हातात घेतली ती भाकरी-पाण्यासाठी. त्यांच्या गावाकडचा माणूस चिलमीवर लिहीत असेल तर त्यानं तंबाखूचं खरं सांगायलाच हवं. ओली छापी धूर गार करते, पण निरुपद्रवी करत नाही. कार्बन मोनॉक्साइड फडक्यात अडकत नाही, डांबराचा काही भाग फक्त अडकतो. आणि एकमेकांना खेटून, खोकत, एकच चिलीम फिरवणाऱ्या माणसांत क्षयासारखा आजार पसरायला आणखी काय हवं? मुठीतून ओढण्याच्या रीतीनं सोवळं सांभाळलं; रोग काही अडवला नाही.

चिलमीला हरवलं ते बिडीनं. मेळघाटात आणि पूर्वेकडच्या भंडारा-गोंदियाच्या रानात तेंदूपान भरपूर. त्या पानात गुंडाळलेल्या बिडीला खडा लागत नाही, छापी लागत नाही, विस्तव मागायला जावं लागत नाही. काडेपेटी खिशात असली की झालं. आणि तिला वाळवायचं नसतं, विसावू द्यायचं नसतं, ओढली आणि फेकली. रोजगारावर जाणाऱ्या मजुराला तेच सोयीचं पडलं. कुंभारानं चिलमी घडवणं हळूहळू कमी केलं. आज त्या बहुतेक यात्रेतल्या पथाऱ्यांवर आणि साधूंच्या झोळीत दिसतात.

तरी अनेक वऱ्हाडी घरांत आजोबांची चिलीम अजून असते, देवळीत नाहीतर जुन्या पेटीत. ती ओढायला नको, पण ठेवायची असेल तर तिच्या मातीचा स्वभाव सांभाळून ठेवावी. साबणानं किंवा विहिरीच्या पाण्यानं ती धुऊ नये. पूर्णेकाठचा बराच भाग खारपाण पट्ट्यात येतो. खारं पाणी छिद्रांत शिरलं की ते उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याचे खडे वाढतात आणि कड पिठासारखी झडू लागते. भिंतीला लोणा लागतो तो याच कारणानं. कोरड्या मऊ ब्रशनं राख झाडावी, खडा आत असेल तर तो तसाच राहू द्यावा, आणि चिलीम सुती कापडात सैल गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास कापड उलगडून तिला दोन दिवस सावलीत वारा द्यावा, आणि मग परत ठेवावी.