पिशाचांची भाषा कोणाची?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, बोलता बोलता कथा रचण्याचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. त्यात एल्फ, ड्वार्फ, ऑर्क अशा प्रत्येक जमातीला आपली भाषा असते. 2014च्या नियमपुस्तकात या भाषांची यादी आहे आणि शेजारी लिपीचा रकाना. एल्फांना स्वतःची लिपी आहे. ऑर्क आणि गॉब्लिन मात्र ड्वार्फांच्या लिपीत लिहितात. व्याकरण कुठेच नाही, तरी सुसंस्कृत कोण आणि रानटी कोण, हे त्या रकान्यातून खेळाडूला कळते. कल्पित भाषा शब्दांपेक्षा अशा निवाड्यांनी जास्त घडते, असे माझे मत आहे. आणि असा निवाडा करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याची कथा सोमदेवाने 11व्या शतकात ‘कथासरित्सागरा’त सांगितली. पैजेत हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या, विंध्याच्या अरण्यात पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोक रचले. राजाने ते नाकारले तेव्हा पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो एकेक पान जाळत गेला, लाखभरच उरले. पैशाची नावाच्या या भाषेला निव्वळ कल्पित म्हणता येत नाही. व्याकरणकार हेमचंद्राने तिचे नियम लिहून ठेवले आहेत, आणि त्यातला एक नियम ‘ण’च्या जागी ‘न’ येण्याचा आहे. म्हणजे माणसांच्या बोलीचे काही विशेष पिशाचांच्या नावावर जमा झाले असावेत.

भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हे परके वाटू नये. पवनीला सातवाहनांची नाणी सापडली आहेत, आणि इथल्या झाडीबोलीतही ‘पाणी’ ‘पानी’ होते, ‘डोळा’ ‘डोरा’ होतो. झाडी पैशाचीची लेक आहे, असा दावा मी करत नाही. ‘ण’चा ‘न’ कितीतरी बोलींत होतो. पण त्याच ‘न’वरून आजही माणसाला अडाणी ठरवले जाते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांना झाडीचा अभ्यास उभा करण्यात आयुष्य घालावे लागले, ते याच समजुतीविरुद्ध.

हा तर खेळ आहे, ऑर्क काही दुखावत नाहीत, असा आक्षेप येईल. ऑर्क नाही दुखावत, पण ऐकणाऱ्याचा कान घडतो. 2015च्या ‘बाहुबली’ चित्रपटात मदन कार्कींनी कालकेय टोळीसाठी किलिकी ही भाषा मेहनतीने रचली, शब्द आणि व्याकरणासकट, पडद्यावर मात्र ती काळ्या, क्रूर टोळीची आरोळी म्हणूनच पोचली. कारागिरी अस्सल असूनही चौकट जुनीच राहिली. मग इथल्या खेळात गॉब्लिनांना झाडी किंवा गोंडी बोलायला लावावी का? मुळीच नाही, त्याने तोच कलंक जिवंत माणसांवर येईल.

वेगळी वाट 1975मध्येच दिसली होती. उर्दू, बलुची आणि अमेरिकेतल्या आदिवासींची क्लामथ या भाषांचे अभ्यासक एम. ए. आर. बार्कर यांनी ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळासाठी त्सोल्यानी भाषा रचली. समोरच्याच्या दर्जाप्रमाणे तिच्यात ‘तुम्ही’ची अनेक रूपे आहेत. बहुतेक खेळाडूंना नावांपलीकडे ती येत नव्हती, हे खरे. पण ती बोलणाऱ्यांनाही मानअपमान कळतो, रुसवेफुगवे असतात, हे त्या नियमांवरून दिसते. वैनगंगेकाठच्या एखाद्या टेबलावर असा खेळ रचणाऱ्याने पिशाचांसाठी शिव्यांच्या आधी एक अंगाईगीत रचावे, आणि ते कळल्याशिवाय खेळाडूंना अरण्यातून वाट मिळू नये.